आईची खाट कुठे जाणार

टॅम्पिनीस,
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

चि. निशिकांत यास,
अ. आ.

आईला शुक्रवारी घरी सोडणार आहेत. आज दुपारी वॉर्डच्या मुख्य नर्सनेच मला सांगितलं. रविवारी अख्खं हॉस्पिटल नव्या इमारतीत जाणार, त्याआधी जमतील तेवढे रुग्ण कमी करायचं ठरलंय म्हणे. ठरवणारा कोण? या स्थलांतराचं नियोजन करणारा माझा धाकटा भाऊ.

शेकडो आजारी माणसं त्या गळक्या इमारतीतून उचलून बेटाच्या दुसऱ्या टोकाला नेणार आहेस, आणि स्वतःच्या आईची एक खाट तुला जड झाली? पक्षाघाताच्या झटक्यानंतर तिची वाचा गेली. पाण्याचा घोटसुद्धा पावडर घालून घट्ट करून द्यावा लागतो. तिने जायचं कुठे? माझ्याकडे, हे तू धरूनच चाललास. आमच्या श्रियाची ए-लेव्हलची परीक्षा तोंडावर आहे, विनायक रॅफल्स प्लेसहून रात्री उशिरा येतात, मी दिवसभर ऑफिसात. तुमच्या काँडोत पोहायला जागा आहे, बार्बेक्यूला जागा आहे, आईला तेवढी नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून नेहमीसारखं हे पत्र आईच्या उशाजवळच्या खणात ठेवते. मी दुपारी येते, तू संध्याकाळी. एकमेकांची तोंडं बघायला नकोत, ते बरंच आहे.

इथे लोभ मागायची पद्धत आहे. या खेपेला राहू दे.

उर्मिला

----

वॉर्ड सहा,
मंगळवार, ७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला घरी सोडायचं मी ठरवलेलं नाही. तिच्या वॉर्डचं काम माझ्याकडून काढून घेतलं, आणि तेही तुझ्यामुळे.

स्थलांतराची तालीम आठव. आईसारख्या काही रुग्णांना खाटेसकट खाली अँब्युलन्सपर्यंत नेऊन परत आणायचं होतं. तू लिफ्टपाशी डबा उघडून उभी! प्रवासाला निघालेल्याच्या हातावर दही द्यायचं. प्रवास कुठला, तर चार मजले खाली आणि चार मजले वर. आईला ठसका लागला, ओठ निळे पडले, तालीम बंद करावी लागली. नर्स रागावली तेव्हा निदान गप्प राहायचंस. पण तू सगळ्यांसमोर तिला सुनावलंस, की माझा भाऊच इथला मुख्य आहे.

ती माझी आई आहे, हे तोवर वरिष्ठांना ठाऊक नव्हतं. नव्या इमारतीत न्यायच्या रुग्णांत तिला मी गुपचूप टिकवून ठेवलं होतं. त्याच संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. आता तिच्याबद्दल ब्र काढायची मला सोय नाही. घरी राधिका म्हणते, तुझी ताई एका चमच्यात सगळं करून गेली.

आमच्याकडे जागा नाही, हे पुन्हा लिहीत नाही. लोभ तुझ्याकडेच ठेव.

निशिकांत

----

वॉर्ड सहा,
बुधवार, ८ ऑक्टोबर, दुपार

चि. निशिकांत यास,

आशीर्वाद गृहीत धर.

दही मी सवयीने दिलं. तू नोकरीसाठी इथे यायला निघालास तेव्हा आईने तुझ्याही हातावर दिलं होतं, आणि तू ते मुकाट्याने चाटलंस. तिला गुपचूप टिकवलं होतंस, तर मला एका शब्दाने सांगायचंस. तोंड शिवून बसले असते. पण ताईला सांगायचं म्हणजे तुझा मोठेपणा कमी होणार ना! आणि चमचा मोजणाऱ्या राधिकेला सांग, महिनाभरात ती वॉर्डात एकदाही फिरकलेली नाही.

शुक्रवारी माझ्या दाराला कुलूप असेल. आईला तुझ्या दाराशी उतरव.

उर्मिला

----

वॉर्ड सहा,
बुधवार, संध्याकाळ

चि. उर्मी आणि चि. निशी यांस,
अनेक आशीर्वाद, दोघांना सारखे.

माझी वाचा गेली आहे, डोळे गेलेले नाहीत. खण माझा आहे. तुमची पत्रं तुमच्याआधी मी वाचते. एक लिहिते खाट जड झाली, एक लिहितो जागा नाही, मग पुन्हा ही लिहिते उतरव. मी काय जुनं कपाट आहे?

दह्यावरून भांडू नका. हात माझा होता, तोंड माझं होतं, चाटलं मी.

आज सकाळी हॉस्पिटलची समाजसेविका आली होती. मी पाटीवर लिहून दिलं, की मी आंग मो किओला माझ्या फ्लॅटमध्ये जाणार. तिने विचारलं, तिथे कोण असतं. मी लिहिलं, कोणी नाही, म्हणूनच. ती हसली, मग हसायची थांबली. दिवसरात्र राहणारी हेल्पर मिळाली तर बघू, म्हणाली.

बघणार आहेत डॉक्टर, उद्या तीन वाजता. तुम्हा दोघांनाही बोलावलं आहे, एकाच खोलीत. निशी, तू फक्त मुलगा म्हणून ये. तेवढ्याला तुझे साहेब नाही म्हणणार नाहीत. उर्मी, डबा आणू नकोस.

तुम्ही भांडणार, हे मला माहीत आहे. मराठीतच भांडा, म्हणजे डॉक्टरांना कळणार नाही. मला कळेल. पाटी माझ्या मांडीवर असेल, आणि उत्तरासाठी तुम्हाला संध्याकाळपर्यंत थांबावं लागणार नाही.

माझ्यावरचा लोभ पुरे झाला. एकमेकांवर करून बघा.

आई