शॉकअपचं निळं बटण

३ फेब्रुवारी
ह्यांच्या उजव्या मनगटाचं प्लास्टर काल निघालं आणि सायकलची कामं माझ्या गळ्यात पडली, म्हणून लिहिते. काल काय सांगितलं ते ह्यांना आज आठवत नाही, मग वाद होतो. कागद बरा.

डॉक्टरांनी ह्यांना एकट्यालाच आत घेतलं होतं. बाहेर आले ते म्हणत, "येईल जोर हळूहळू."

काम असं — सायकलच्या पुढच्या शॉकअपवर उजव्या बाजूला निळं बटण आहे. आवळलं की दणक्याला शॉकअप दबायला कुरकुरतो, सैल केलं की चटकन दबतो. हे डोंगरउतारावर पडले तेव्हा बटण पार आवळलेलं होतं. सगळा दणका हातात. आता मऊ लावायचं. ह्यांच्या बोटांना बटणही फिरत नाही.

निवृत्तीपासून दर रविवारी हे डोंगरावर, मी दारात. हाड मोडलं, हौस शाबूत.

४ फेब्रुवारी
सकाळी हे सायकल ढकलत एकटेच दुकानात गेले, शॉकअपमध्ये हवा भरायला. मी येते म्हटलं तर नको. असो.

६ फेब्रुवारी
रीत कळली. बटण आधी पूर्ण आवळायचं, मग खटके मोजत सैल करायचं. पण कसं लागलंय ते बघायला कुणीतरी बसायला हवं. ह्यांना ब्रेक धरवत नाही.

"तूच बस. कॉलेजला सायकलनंच जायचीस ना?"

ती सायकल वेगळी होती. गुडघेही वेगळे होते. बागेच्या तीन पायऱ्या उतरले. दात जागेवर आहेत.

९ फेब्रुवारी
पाण्याच्या टाकीमागचा उतार. वाटेत झाडांची मुळं. हे झाडाला टेकून हुकूम सोडत होते.

बटण बरंच सैल केलं. मुळांवर हात दुखले नाहीत, पण ब्रेक दाबला की सायकल वाकून नमस्कार घालते.

"दोन खटके आवळ."

आवळले. नमस्कार थांबला.

"मनगट काय म्हणतंय?"

"माझं मनगट? त्याचा तुम्हाला काय उपयोग?"

"सांग तर."

ठीक आहे म्हणून सांगितलं.

१० फेब्रुवारी
अंग ठणकतंय. लिहिण्यासारखं काही नाही.

१४ फेब्रुवारी
एक खटका सैल. आता चाक मुळांवरून उडत नाही, जमीन धरून चालतं. दोनदा उतरले. तिसऱ्यांदा उतरायला ह्यांनी सांगितलं नव्हतं.

लेकीचा फोन आला. "बाबा कधी चालवणार सायकल?" ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि झाडांना पाणी घालायला गेले. झाडांना पाणी सकाळीच घातलं होतं.

२१ फेब्रुवारी
ब्रेकपॅड बदलायला मीच दुकानात गेले. दुकानदारानं शॉकअप दाबून पाहिला. "झकास बसलाय, काकू. बटण आणि हवा एकमेकांना धरून आहेत."

"काकांना पुरेल ना? ब्याऐंशी किलो आहेत ते."

"काका बसले तर तळाला टेकेल हो! हवा चोपन्न किलोच्या माणसासाठी भरलेली आहे. त्यांनीच तसं सांगून भरून घेतली."

चोपन्न माझं वजन.

परक्या माणसाला माझं वजन सांगितल्याबद्दल घरी जाऊन चांगलं सुनावणार होते. सुनावलं नाही.

२२ फेब्रुवारी
चहाच्या वेळी विचारलं. कप डाव्या हातातच होता.

मनगटातली शीर दुखावली आहे. बोटांत पुरता जोर यायचा नाही, डॉक्टरांनी प्लास्टर काढलं त्याच दिवशी सांगितलं होतं. ब्रेक आता कधीच नाही.

"मग मला का राबवलंत?"

"सांगितलं असतं तर तू सायकल विकली असतीस."

खरं आहे. त्याच आठवड्यात विकली असती.

ह्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "वरच्या वळणावर एक खटका सैल कर. तिथे खडी आहे."

२३ फेब्रुवारी, रविवार
ह्यांच्याकडून मिळालं — सायकल, हवेचा पंप, हेल्मेट. हेल्मेटचा पट्टा माझ्या हनुवटीला बेतून ठेवलेला.

ह्यांना दिली — घराची किल्ली. मला डोंगरावरून यायला उशीर होईल.