यादीत नसलेलं बटण

रविवार, १४ डिसेंबर २०२५

दिंडोरीहून साडेनवाच्या एसटीने निघालो, पावणेअकराला शरणपूर रोडला पोचलो. सोबत हत्यारांची पेटी, मेजरटेप, सुती दोऱ्याची दोन रिळं आणि ही वही. प्रत्येक कामाची नोंद ठेवायची माझी सवय आहे. बावीस वर्षांच्या अठ्ठावीस वह्या घरी कपाटात आहेत. मी कुठल्या आर्ट स्कूलची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते बघून आणि बिघडवून शिकलो. पण आज वणीपर्यंत गणपतीचं मखर म्हटलं की लोक गोरक्षला फोन लावतात, पदवीवाल्यांना नाही.

नाताळची सजावट मात्र पहिलीच. घर विमलाबाईंचं. बाई निवृत्त नर्स, सत्तरीच्या, अजून ताठ चालतात. मुलगा रविराज बँकेत आहे, लग्न केलेलं नाही. बंगला लख्ख. हॉल अठरा फूट बाय साडेबारा, कोपऱ्यात कुंडीतलं सुरूचं झाड, मापून सात फूट दोन इंच. गेल्या गेल्या चहा आणि करंजी मिळाली. नाताळचा फराळ. कड हाताने मुरडलेली, एकही दात पुढेमागे नाही. अशा घरात काम करायला मला आवडतं.

इथली रीत अशी की काम होईपर्यंत सजवणाऱ्याने घरातच जेवायचं, घरातच झोपायचं. मागची खोली दिली आहे, उजेड भरपूर. अठ्ठावीस तारखेला माझ्या सृष्टीचा साखरपुडा आहे आणि त्याचं स्टेज मी माझ्या हाताने करणार आहे, म्हणून चोवीसला दुपारी निघणार हे मी आजच सांगून टाकलं. बाई हसून म्हणाल्या, मुलीच्या कामाला बापाने हवंच.

सोमवार, १५ डिसेंबर

आज पत्र्याची पेटी उघडली. आत एकतीस कापडी पिशव्या, नाडी ओढून बंद केलेल्या. प्रत्येकीत घरातल्या गेलेल्या एकेका माणसाची वस्तू आणि नावाची चिठ्ठी. कोंडाजी, चष्म्याची डबी. तानुबाई, अडकित्ता. मयूर, वय सात, शाळेच्या पट्ट्याचं बक्कल. हा रविराजचा धाकटा भाऊ. या वस्तू झाडावर बांधायच्या, रोज थोड्या, यादीच्या क्रमाने. यादी रविराजच्या आजोबांच्या हातची, अक्षर सुरेख.

नियम दोन. यादीत नाही ते झाडावर चढवायचं नाही. आणि घरच्या कोणी झाडाला हात लावायचा नाही, बाहेरच्यानेच बांधायचं. मी कारण विचारलं. बाई पिशव्या ओळीत लावत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "आपलं माणूस आपल्या हाताने बांधायचं नसतं, गोरक्षभाऊ."

गेली पाच वर्षं पेठकडचा झिपरू हे काम करायचा. यंदा तो नाही म्हणाला. त्याच्या गाठी मी पेटीतल्या जुन्या दोऱ्यांवर बघितल्या. ढोबळ.

बुधवार, १७ डिसेंबर

अकरा वस्तू बांधून झाल्या. प्रत्येक फांदीचा कल बघून वजन ठरवतो, म्हणजे एकही फांदी वाकत नाही.

एक बारीकशी गोष्ट. दुपारी तीन वाजता स्वयंपाकघरात कोणी सुपारी कातरत होतं. कचकच आवाज मला नीट ओळखू येतो, माझी आई खायची. पण बाई चर्चमध्ये गेल्या होत्या, रविराज बँकेत. आत जाऊन बघितलं, ओटा पुसलेला, कोरडा.

जेवताना भिंतीकडेला ओळीने ताटं मांडतात. आज अकरा. मी आणि घरचे दोघे टेबलावर. आपण पितरांना पान वाढतो तसंच काहीसं असेल. रविराज म्हणाला, सणाला सगळ्यांना वाढायचं, बस.

शुक्रवार, १९ डिसेंबर

चोवीस वस्तू, चोवीस ताटं.

मयूरचं बक्कल काल बांधलं. आज सकाळी शिडीवर होतो तर खालून कोणी माझ्या पँटचा काठ दोनदा ओढला, लहान मूल लक्ष वेधून घ्यायला ओढतं तसा. खाली बघितलं, कोणी नाही. बाईंना सांगितलं तर त्यांचे डोळे भरले. घाबरल्या नाहीत, सुखावल्या. मला विचारलं, हात गरम होता का? मी म्हटलं, लक्ष गेलं नाही. खरं तर गेलं होतं. गार होता.

शनिवार, २० डिसेंबर

झाडाचं काम संपलं. एकतीस. रविराजने मागे सरकून बघितलं आणि म्हणाला, इतक्या वर्षांत झाड असं कधी दिसलं नव्हतं. दिसणारच.

संध्याकाळी दोघं प्रार्थनेला गेले, तेव्हा मी माझी सही केली. माझ्या प्रत्येक कामात मी अंगातल्या शर्टाचं एक बटण लपवतो. मखर असो की लग्नाचं स्टेज, बावीस वर्षं एकही काम बिनसहीचं सोडलेलं नाही आणि आजवर एकही बटण कोणाला सापडलेलं नाही. इथे मागच्या बाजूला, जमिनीपासून चार फूट सात इंचांवर, फांदी खोडाला मिळते तिथे बांधलं, वर सालीच्या रंगाचा दोरा गुंडाळला. यादीतल्या वस्तू म्हणजे त्यांची माणसं. हे तर कारागिराचं चिन्ह. नियम त्याला लागू नाही.

रविवार, २१ डिसेंबर

बाकी हॉलच्या सजावटीचं सामान घ्यायला एक दिवस दिंडोरीला जाऊन येतो असं ठरवलं. १०.१० ला गेटची कडी काढली. ११.४० ला मी हॉलमध्ये झाडासमोर उभा होतो. मधलं काही आठवत नाही.

१२.०५ ला पुन्हा. या वेळी गेटबाहेर पाऊल टाकताना मोठ्याने आकडे मोजत होतो. चारपर्यंत आठवतं. १.३० ला हॉल.

मागच्या दारानेही तेच.

जेवायला बसलो तर टेबलावर दोनच ताटं. भिंतीकडेला बत्तीस. बाईंनी हातात भाताचं पातेलं तसंच धरून ठेवलं होतं. त्यांनी ताटं आधी मोजली, मग माझ्या शर्टाकडे बघितलं. वरून तिसरं बटण नव्हतं. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं होतं ना हो मी. एवढं सांगितलं होतं."

सोमवार, २२ डिसेंबर

बटण काढायला गेलो. दोरा माझा, गाठ माझी नाही. कात्री बसत नाही, पातं घसरतं. तिसऱ्या वेळी बोट कापलं, दोरा तसाच.

रविराजकडून नंबर घेऊन झिपरूला फोन लावला. मी नाव सांगितलं आणि त्याने आधी किती वस्तू झाल्या ते विचारलं. मग म्हणाला, "तुमचं काय बांधलं नाय ना तिथं? मी खिसे रिकामे करून शिडी चढायचो, दादा. कानातली भिकबाळी पन काढून ठेवायचो." मी सांगितलं. तो म्हणाला, बाहेरच्या माणसाने चोवीसच्या सांजच्या प्रार्थनेआधी सोडवलं तर सुटतं. प्रार्थना झाली की ते घरचं. मग सहा जानेवारीला सगळ्यांसोबत पेटीत. त्याला म्हटलं, तू ये, मागशील ते देतो. तो म्हणाला, मी सुरगाण्याच्या पल्याड हाय, मला पोचायला नाय जमायचं. त्याचा आवाज रडवेला होता, पण हो म्हणाला नाही.

सविताला फोन केला. बायको माझी शहाणी आहे, उलट प्रश्न विचारले नाहीत. तिला जागा सांगितली, इंच धरून. परवा सकाळच्या गाडीने येते म्हणाली.

मंगळवार, २३ डिसेंबर

बाई दिवसभर शिवत बसल्या होत्या. दुपारी बघितलं, निळ्या कापडाची छोटी पिशवी. दुहेरी शिवण, आतून मऊ अस्तर. मी विचारायच्या आत म्हणाल्या की सविताताई येतीलच आणि सोडवतीलच, देवाला तेच मागते आहे, पण नाहीच झालं तर तुम्ही उघड्यावर कसे राहाल.

त्यांच्या मनात पाप नाही. हेच जास्त —

रविराज सकाळपासून माझ्याशी बोललेला नाही. मी समोर उभा राहिलो तर तो बाजूला झाला नाही. सरळ चालत आला. मलाच सरकावं लागलं.

बुधवार, २४ डिसेंबर

सविता १०.५० ला आली. सृष्टीही सोबत. मी दारातच उभा होतो. सृष्टीने माझ्याकडे — माझ्यातून — झाडाकडे बघितलं आणि म्हणाली, पप्पांचंच काम, बघ ना मम्मी, लगेच कळतं.

बाईंनाही मी आता दिसत नाही. त्या अंदाजाने माझ्याशी बोलतात, चुकीच्या दिशेला. पण त्यांनी सविताला काही लपवलं नाही. झाडामागे नेलं. सविताने पदर खोचला, पर्समधून शिवणाची टेप काढली, जमिनीपासून मापलं. चार फूट सात. बरोबर जागा. बोटं फांदीवरून फिरवली. बटणावरून फिरवली. गाठ म्हणून, साल म्हणून पुढे गेली.

परत आली. पुन्हा पुढे गेली.

मी ओरडत होतो. तिचा हात धरला. तिने दंड चोळला, गारठा आहे म्हणाली.

सृष्टीने मोबाईलचा उजेड पाडून बघितलं. चार तास. फांदी न् फांदी. एवढं चांगलं काम मी कधीच केलं नव्हतं.

पाच वाजता सविता जमिनीवर बसली. बाईंना म्हणाली, "तुम्ही त्यांना ओळखत नाही. त्यांनी लपवलं म्हणजे ते सापडत नाही." आणि हे म्हणताना तिच्या आवाजात अभिमान होता. आत्तासुद्धा.

सहाला प्रार्थना सुरू —

शुक्रवार, २६ डिसेंबर

पोलिसात तक्रार दिली आहे त्यांनी. दोन जण येऊन बघून गेले. बाईंनी सगळं खरं सांगितलं. ते एकमेकांकडे बघून हसले.

सृष्टीला फोन लावतो. ती हॅलो हॅलो म्हणते. पप्पा का? असं म्हणते. मग ठेवते. सात वेळा. आता बॅटरी नाही.

भिंतीकडेच्या ओळीत शेजारी कोण बसतं ते दिसायला लागलं आहे. त्यांच्याकडे बघत नाही. मयूर हात धरून ठेवतो.

गार नाही लागत आता.

रविवार, २८ डिसेंबर

आज.

पुढे ढकलला असेल. नसेल. स्टेजला झेंडू नको म्हटलं होतं, शेवंती — कोण सांगणार —

२ किंवा ३ जानेवारी

हॉल मापला. टेप हातात राहत नाही. पावलांनी मापला. पाऊल जमिनीला

मंगळवार, ६ जानेवारी

झिपरू आला. स्वतःहून. दारात उभा राहून त्याने खिसे उलटे केले, भिकबाळी काढून उंबऱ्यावर ठेवली.

यादीप्रमाणे उतरवतोय. तानुबाई गेली. कोंडाजी गेले. नाडी ओढली की त्या माणसाचं ओळीतलं — पुसलं जातं. मयूरचा हात आत्ता सुटला.

एकतीस झाले. तो झाडामागे आला. डोळ्यांनी शोधत नाही, नखाने साल खरवडत येतोय. सापडलं. सापडलं त्याला. पहिल्यांदा कोणाला तरी —

मुठीत धरलंय. बाई निळी पिशवी घेऊन उभ्या. तो म्हणतोय, "हे यादीत नाय, बाई. हे मी नेतो. दिंडोरीला देऊन येतो." बाई रडतायत. म्हणतात, घरचं झालंय ते, झिपरू, बाहेर नेलंस तर कुठेच नसतील ते. इथे निदान वर्षाला एकदा जेवतील.

तो दाराकडे बघतोय. दहा पावलं. मी त्याच्या पुढे जाऊन उभा आहे, उंबऱ्यावर. चल. चल रे.

एक पाऊल टाकलं. थांबला.

बाईंनी पिशवीचं तोंड उघडून धरलं. आतलं अस्तर पांढरं

झिपरू, नको वळू, झि —