दोन मिनिटांची परवानगी

आओसावा, १२ ऑक्टोबर २००९

ती. कात्सुयोशीदादा यांस,
सा. न. वि. वि.

भाताची कापणी संपली. फुमिएचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालूच आहे. खिंड ओलांडून उएदाच्या रुग्णालयात न्यायचे, चार तास तिथे थांबायचे आणि परत आणायचे. मी थकलो आहे असे लिहिणार नव्हतो. लिहून झाले, आता खोडत नाही.

पत्राला कारण आपली पांढरी गाडी. पंचवीस वर्षे चढावर हरणासारखी पळायची, ती आता खिंडीत धापा टाकते. मागून निळसर धूर येतो आणि टर्बो शिट्टी मारल्यासारखा वाजतो. गावाची रुग्णांसाठीची गाडी फुकट येते, पण फुमिए तिच्यात बसायला तयार नाही. त्या गाडीत मी आजारी बाई असते आणि हिच्यात बसले की तुमची बायको, असे तिचे म्हणणे. पुढे म्हणाली की ही बंद पडली तर मग उएदाही बंद. चेष्टेत म्हणाली असेल, पण मला हसू आले नाही.

तुम्ही तीस वर्षे मोटार-दुरुस्तीच्या विद्यालयात शिकवलेत. मला अडाणी समजून, पहिल्या पायरीपासून सांगा.

तुमचा धाकटा,
तेत्सुरो

हामामात्सु, १७ ऑक्टोबर

चि. तेत्सुरो यास अनेक आशीर्वाद.

धूर पाहून लगेच टर्बोला दोषी धरू नये. माझे विद्यार्थी नेमके हेच करीत आणि गुण गमावीत. तू क्रमाने जा.

टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, म्हणून प्रथम हवेच्या नळ्या पाहा. सांध्यांवर साबणाचे पाणी लाव आणि गॅरेजवाल्याला आतून थोडी हवा भरायला सांग. बुडबुडे आले तर हवा तिथूनच निसटते आहे आणि तुझे काम स्वस्तात झाले. नंतर इंजिनाच्या चारही सिलिंडरांचा दाब मोजून घे. इंजिनच झिजले असेल तर टर्बो बिचारा निर्दोष. हे दोन्ही ठीक निघाले, तरच थंड गाडीवर टर्बोच्या तोंडाची नळी काढ आणि पात्यांचा आस दोन बोटांत धर. बाजूला किंचित हलला तर घाबरू नकोस. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, तेवढी मोकळीक त्याला हवीच. आत-बाहेर मात्र तो जाणवण्याइतका हलता कामा नये. पात्यांच्या कडा घासून चकाकत असतील तर निकाल लागला असे समज. शेवटी तेलाची नळी सोडवून तिच्यात डोकावून पाहा. माणसे नेमके हेच विसरतात!

फुमिएला सांग, तिच्या हट्टाला माझा पाठिंबा आहे. पण उएदा बंद करण्याची भाषा पुन्हा केली तर मी स्वतः येऊन तिला पाठीवर घालून खिंड चढेन.

दोघांवर माया करणारा,
कात्सुयोशी

आओसावा, २५ ऑक्टोबर

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि.

सांगितल्याप्रमाणे केले. बुडबुडे नाहीत. चारही सिलिंडर धडधाकट. गॅरेजवाला म्हणाला, म्हातारीचे हृदय उत्तम आहे. पण आस आत-बाहेर स्पष्ट हलतो आणि पात्यांच्या कडा आरशासारख्या झाल्या आहेत. तेलाच्या नळीत काळा, कोळशासारखा थर बसून ती निम्मी बुजली आहे.

तेल मी दर पाच हजार किलोमीटरला न चुकता बदलतो. चढ चढून आल्यावर इंजिन कसे बंद करायचे हे तुम्हीच शिकवले होते, त्यामुळे त्याविषयी वेगळे लिहीत नाही. नवा टर्बो कोणता घालू तेवढे कळवावे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
तेत्सुरो

आओसावा, २६ ऑक्टोबर

ती. भावोजींना फुमिएचा सा. न.

ह्यांचे पत्र मी टपालात टाकण्याआधी वाचले. इंजिन बंद करण्याविषयी ह्यांनी जे लिहिले नाही, ते मी लिहिते.

शेजारच्या कुवाबाराबाई रात्रपाळी करून दिवसा झोपतात. उन्हाळ्याआधी त्या ताज्या मुळ्यांची जुडी घेऊन आल्या, ह्यांच्या गाडीचा आवाज किती दमदार आहे म्हणून कौतुक केले आणि जाता जाता, हल्ली झोपच लागत नाही असे म्हणाल्या. आपल्याकडे याहून मोठ्याने कोण तक्रार करतो? दुसऱ्याच दिवशी हे मिठाईचा डबा घेऊन क्षमा मागून आले. तेव्हापासून खिंडीचा चढ संपला की वळणावरच इंजिन बंद करतात आणि गाडी उतारावरून नुसती घरंगळत दारात आणतात. मी विचारले, तर म्हणाले की लोकांना त्रास देऊन जगायचे नसते.

दारात आले की थांबत नाहीत. मला उतरवतात, अंथरूण घालतात, भात लावतात. बसलेले मी त्यांना पाहिलेले नाही. रागावू नका त्यांच्यावर, पण सांगा काहीतरी. माझे ऐकत नाहीत.

तुमची,
फुमिए

हामामात्सु, २ नोव्हेंबर

चि. तेत्सुरो यास अनेक आशीर्वाद.

फुमिएने मला सारे कळवले आहे. तिला बोलू नकोस. बंद इंजिनाने उतारावर ब्रेक दगडासारखा जड होतो हे ठाऊक असून बायकोला शेजारी बसवून घरंगळतोस? इतका सभ्यपणा मला परवडणारा नाही.

आता ऐक. चढावर टर्बो भट्टीसारखा तापतो. इंजिन थांबले की तेलही थांबते आणि आसाभोवती उरलेले तेल जळून कोळसा होते. तुझ्या नळीतला थर तोच. ती नळी तशीच ठेवून नवा टर्बो बसवलास तर तोही वर्षभरात मरेल.

म्हणून नळी नवी, तेल आणि फिल्टर नवे. टर्बो छर्‍यांच्या बेअरिंगचा आणि पाण्याने थंड होणारा घे. तुझा जुना केवळ तेलावर जगत होता. गॅरेजवाला मोठा घ्यायचा आग्रह करील. मोठा उशिरा जागा होतो आणि तुला तर खिंडीच्या पायथ्यापासून जोर हवा, तेव्हा जुन्याच मापाचा बरा. पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी त्यात तेल ओतून घ्यायला विसरू नकोस.

एवढे करूनही, चढानंतर दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवावेच लागेल, आणि तेही दारात उभे राहून, कारण यापुढे उतारही चालू इंजिनानेच उतरायचा. ती दोन मिनिटे कुठल्याही दुकानात विकत मिळत नाहीत. ती कुवाबाराबाईंकडे मागावी लागतील. तोंडाने, सरळ शब्दांत. मला माहीत आहे, तुला टर्बो स्वतः खोलून बसवणे याहून सोपे वाटेल. तरीही माग.

तुझ्या होकाराची वाट पाहणारा,
कात्सुयोशी

आओसावा, २९ नोव्हेंबर

ती. भावोजींना फुमिएचा सा. न.

टर्बो बसला. काम चालले ते बारा दिवस मी गावाच्या गाडीतून निमूट गेले. एकही फेरी चुकवली नाही, हे मुद्दाम लिहिते.

हे तीन वेळा कुवाबाराबाईंच्या दारापर्यंत गेले आणि हवापाण्याचे बोलून परत आले. शेवटी मीच काठी टेकत गेले आणि दोन मिनिटे मागितली. त्या लाल झाल्या. एवढेच होते तर आधी का नाही सांगितले, म्हणून माझ्यावरच रागावल्या.

काल पहिल्यांदा आपल्या पांढऱ्या गाडीतून उएदाला जाऊन आलो. खिंड ती गाणे म्हणत चढली. दारात आलो, इंजिन चालू ठेवले. दोन मिनिटे करण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून ह्यांनी मान मागे टेकली आणि त्यांना झोप लागली.

मी उठवले नाही. इंजिन चालूच होते. दहा मिनिटे झाली असतील, कुवाबाराबाई अंगावर शाल घेऊन बाहेर आल्या. मी काचेतून त्यांच्याकडे पाहिले आणि ह्यांच्याकडे बोट केले. त्या थोडा वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग वाकून नमस्कार केला, घरात गेल्या आणि आपली खिडकी त्यांनी अगदी हळू, आवाज होऊ न देता लावून घेतली.

तुमची,
फुमिए