तक्रारी ऐकायचा हेडफोन

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हसले मी. कशावर हसले, तेच ठाऊक नाही.

परवा रविवारी भेंडीचा फोन आला होता. भेंडी म्हणजे माझी धाकटी बहीण – काटकुळी, लांब आणि चिकट. ती मला भोपळा म्हणते, तेव्हा फिटंफाट. माझ्या फोनवर तिचं नाव नाही, भेंडीचंच चित्र आहे. मला अक्षर कुठे येतं! चित्र दिसलं की हिरवं बटण दाबायचं. वर्षभर दाबतेय, आणि वर्षभर तिचं बोलणं मला कळत नाहीये. समोर माणूस असला की ओठांवरून चार शब्द पकडते. फोनला कुठले ओठ? नुसता आवाज येतो, शब्दांतली हाडं काढून घेतल्यासारखा. मग मी म्हणते, हो हो. आणि हसते. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा खुळी बरी.

रविवारी तिनं काहीतरी विचारलं. मी हो हो म्हटलं, हसले. ती गप्प झाली. मग पुष्कळ बोलली आणि फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही. नातीनं लावून पाहिला, तर तिची सून म्हणाली, “आई झोपल्यात.” दोन दिवस? कुंभकर्णाची मावशी आहे का ती?

कशाला हो म्हटलं मी?

(हे मी बोलते, फोन लिहून घेतो. लाल ठिपका दाबायचा आणि बोलायचं, नातीनं शिकवलंय. काय लिहितो ते मला वाचता येत नाही. म्हणजे माझं गुपित माझ्यापासूनही सुखरूप.)

बुधवार, ५ फेब्रुवारी

आठवलं! माझा प्रत्येक फोन आत साठून राहतो. डॉक्टरांनी सांगितलेलं मी विसरते, म्हणून नातीनं सोय करून ठेवलीय. भेंडीच्या चित्राखाली रविवारचं सगळं बोलणं आहे.

दार लावून ऐकलं. कानाला दाबून ऐकलं, उशीखाली घालून ऐकलं. ऊं-आं-ऊं. मग माझं हसू. ते मात्र लख्ख ऐकू येतं मेलं.

घराची किल्ली हातात आहे आणि कुलूप सापडत नाही, अशी गत.

नातीला ऐकवलं तर एका मिनिटात सांगेल. पण आम्हा बहिणींचं बोलणं तिसऱ्या कानी घालायचं नाही, ही शपथ दुधाचे दात पडायच्या आधीची आहे. नवऱ्यांनासुद्धा कधी घातलं नाही, आणि त्यांचे कान तर भिंतीला लागलेले असायचे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मी राहते नातीकडे. नातजावई हेडफोनवेडा आहे. कपाटात तीन तीन, एकेकाला मऊ पिशवी. त्याला म्हटलं, मलाही गाणी ऐकायचीत हो. बाई, केवढा खूश झाला! पलंगावर तिन्ही मांडून बसला.

“आजी, हा गोड आहे. हा जरा जाडा आहे. आणि हा प्रामाणिक.”

“जावईबापू, हेडफोन दाखवताय की स्थळं?”

नात म्हणाली, प्रामाणिकच चांगला. तो म्हणाला, प्रामाणिक कोरडा वाटतो, तासाभरानं डोकं धरतं. ती म्हणाली, तुला सगळं तुपात बुडवून लागतं. जुंपली दोघांची. शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, “ज्याचा कान त्याची आवड, आजी. दुसऱ्याच्या कानानं ऐकता येत नाही.”

मी पदराखालचा फोन चाचपला.

मला जाडा आवडला. काय गाणं वाजलं त्यावर! थंडीत रजईत शिरावं तसं. ते दोघं बाहेर गेल्यावर त्याच्यावर भेंडी लावली. तीही रजईत शिरली. आतून नुसतं ऊं ऊं.

प्रामाणिक लावला. त्यानं प्रामाणिकपणे काहीच सांगितलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

एकटीच हेडफोनच्या दुकानात गेले. दुकानदार कानात वाऱ्यासारखा बोलतो, पण ओठ स्वच्छ हलवतो. म्हणाला, “काय ऐकायला आवडतं आजी?” म्हटलं, जाड आवाज. पुरुषाचा असला तर उत्तम. तो लाजला, मी नाही लाजले.

एकामागून एक लावले. प्रत्येक वेळी मी म्हणे, अजून जाड दे. शेवटी त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाला, “बारीक आवाज येतो का तुम्हाला? पाखराचा, चमच्याचा?”

मी म्हटलं, पाखरं हल्ली बोलतच नाहीत.

“बोलतात आजी,” तो म्हणाला. “वयाबरोबर बारीक आवाज आधी जातो. जाड उरतो, म्हणून तो बरा वाटतो. कान तपासून घ्या.”

काही न घेता परत आले. रस्ताभर तेच डोक्यात. मला वाटायचं, जाड आवाज ही माझी आवड. ती तर नुसती उरलीसुरली निघाली. आणि भेंडीचा आवाज लहानपणापासून शिट्टीसारखा.

सोमवार, १० फेब्रुवारी

फोन नाही. घास उतरत नाही. नातीला सांगितलं, पोट बिघडलंय. बिचारं पोट उगाच बदनाम.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काय विचारलं असेल? “येऊ का तुझ्याकडे राहायला?” आणि मी हसले. “माझी आठवण येते का गं?” आणि मी हसले. “सून जेवायला देत नाही.” हो हो, हसले. एकेक प्रश्न मी तिच्या तोंडी घालून पाहते आणि दर वेळी माझं ते हसू ऐकू येतं.

मी जिवंत असताना माझ्या बहिणीला बहीण नाही. इतकंच लिही रे बाबा. आणखी काही बोलवत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नात घरूनच काम करते. कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या आणि ‘समजू शकते सर’ म्हणायचं. तिचा एक कळकट हेडफोन आहे, तोंडापुढे काडी असलेला. ती अंघोळीला गेली म्हणून उचलला, तर टॉवेल घ्यायला परत आली.

“आजी, त्यावर गाणं नको ऐकूस. पत्र्यावर खडे ओतल्यासारखं वाजतं. तो फक्त तक्रारी ऐकायचा आहे.”

म्हटलं, बघू तरी.

ती गेली. पिन माझ्या फोनात बसली. भेंडी लावली. काय भिकार आवाज! कानात सुया. काढून फेकणार होते, तेवढ्यात त्या सुयांमधून एक शब्द आला. हाडांसकट.

भोपळ्या.

पुन्हा लावलं. पुन्हा पुन्हा लावलं. एका वेळी चार चार शब्द वेचले. ती विचारत होती, “भोपळ्या, खरं सांग, तुला माझं काहीच ऐकू येत नाही ना गं?”

आणि मी हसत, “हो हो.”

मग ती गप्प. मग, देवा, तीही हसली. म्हणाली, “बरं झालं. मग आता सांगते.”

पोटात गाठ आहे. मोठ्या डॉक्टरांना दाखवली, सगळं तपासून झालं, उशीर झाला म्हणाले. घरी तिनं वायू आहे म्हणून सांगितलंय. “मुलगा रडेल, सून रडेल, मग त्यांचे डोळे मीच पुसत बसायचं. तुला कळलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. मला बोलायचंय गं फक्त. ऐकणारं कुणी नकोय. नुसतं हो हो म्हणणारं हवंय. बसून बोलण्याइतकी ताकद आली की करीन पुन्हा.”

नात ओले केस घेऊन आली. “आजी, रडतेस? सांगितलं होतं ना, टोचतो तो.”

म्हटलं, टोचतो खरा.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी उठून निघायचं ठरवलं. पिशवी भरली. तिच्या दारात जाऊन गळ्यात पडायचं, भाच्याला हलवून जागं करायचं. मग मला दिसलं, ती माझे डोळे पुसतेय. पिशवी रिकामी केली.

नातजावयानं विचारलं, “मग आजी, शेवटी कुठला आवडला?”

“आवडला तुमचा जाडा. लागला मात्र हिचा.”

तो म्हणाला, कमाल आहे तुमच्या आवडीची. नात कपाटातला जुना तसलाच एक काढून माझ्या उशाशी ठेवून गेली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

भेंडीचं चित्र आलं. हेडफोन चढवला, हिरवं बटण दाबलं.

“भोपळ्या,” ती म्हणाली, “आज तरी ऐकू येतंय का गं?”

“हो हो,” मी म्हटलं. “जेवले मी.”

ती सुटली, बोलत राहिली. मी शब्द न् शब्द ऐकला, आणि चुकीच्या जागा शोधून शोधून हसले.