देवमाशाचं बारकं

सातारा,
८ जानेवारी २०२५

चि. समीक्षा हिस,
राजूआत्याचे अ. उ. आशीर्वाद. त्यातला एक आशीर्वाद मात्र माझा खोडरबर परत येईपर्यंत राखून ठेवला आहे.

पत्रास कारण की, नाताळच्या सुट्टीत आत्याकडे राहून गेलीस आणि जाताना माझा खोडरबर घेऊन गेलीस. घरात दरोडा पडला असता तरी मी इतकी खचले नसते. दरोडेखोराला निदान मऊ पांढऱ्या खोडरबराची किंमत कळत नाही. साताऱ्यात हल्ली त्या नावाने जे विकतात त्याने रेघ जात नाही, कागद जातो. आज सकाळी एका पोपटाची चोच मी पावाच्या तुकड्याने पुसली. वीस वर्षं पोराटोरांना रंगवायला आंबे, पोपट आणि आगगाड्या काढून देणाऱ्या बाईवर ही वेळ यावी, आणि ती सख्ख्या भाचीने आणावी!

फोन का केला नाही म्हणशील. मी रागवायला लागले की नेमका तेव्हाच तुझ्याकडचा आवाज तुटतो. पत्र तुटत नाही. शिवाय कागद पाठवायचेच होते.

कागदांची हकीकत अशी. आमचे छापखानेवाले भाऊसो यांना यंदा समुद्र सुचला आहे. रंगभरणाच्या नव्या पुस्तकात देवमासा हवा. देवमासा मी कधी पाहिलेला नाही, भाऊसोंनीही नाही, त्यामुळे आमचं लगेच एकमत झालं. लहानपणी उंब्रजला दुपारी नदीत म्हशी बसायच्या, आठवतं? तुला कसं आठवेल, तू तेव्हा नव्हतीस. नुसती काळी पाठ पाण्यावर, आणि एक डोळा अर्धा मिटलेला. ती पाठ डोळ्यांपुढे आणून मी काढला. पोटाशी एक पिल्लूही काढलं होतं. भाऊसो म्हणाले, एका पानावर एकच जीव बरा, पोरांचा गोंधळ होतो, पिल्लू उडवा. उडवलं. त्या खोडरबराने माझ्या हातून झालेलं हे शेवटचं काम. कोपऱ्यात नमुन्याचा लहान देवमासा निळा छापलाय; पोरांनी त्याच्याकडे बघून मोठा रंगवायचा.

छापताना डाग पडलेले कागद सोबत आहेत. तुझ्या शाळेत वाट आणि कोणी कसे रंगवले ते कळव. माळावर वारं सुटत असेल, कानाला बांधत जा.

रागावलेली, पण तुझीच,
राजूआत्या


मेंढकेवस्ती, ता. आटपाडी,
१९ जानेवारी २०२५

ती. राजूआत्यास,
समीक्षाचा शि. सा. नमस्कार. साष्टांग खरोखर घातला असता, पण वर्गात जमिनीवर सगळीकडे देवमासे पसरले आहेत.

खोडरबर चुकून आला, आणि आता तो माझ्याकडेही नाही. कुणाकडे आहे ते पुढे लिहिते, तोवर शिव्या राखून ठेव.

तुझ्या नमुन्यासारखा निळा खडू कुणी उचललासुद्धा नाही. काळे झाले, करडे झाले, एक पांढरा राहिला, एकाच्या गळ्यात घुंगरू आलं. आणि रंगवून झाल्यावर सगळ्यांनी, कुणी कुणाला न सांगता, पाठीवर एकेक खूण केली. कुणाचा मानेवर तांबडा ठिपका, कुणाचा शेपटीजवळ हिरवा पट्टा. मला आधी उमजेना. इथं मेंढरांची लोकर कातरून झाली की पाठीवर रंगाची खूण करतात, प्रत्येक घराची वेगळी. रानात चार कळप एकमेकांत मिसळले तरी ज्याचं त्याला ओळखू येतं. मी आपली बाईपणाने सांगायला गेले की देवमाशाला खूण नसते, कोपऱ्यातला नमुना बघा. मग पुढे बसणाऱ्या एका मुलीने मला अगदी जपून समजावलं, की बाई, बिनखुणंचं सोडलं तर ते कुनाचंबी व्हतं.

आता खोडरबर. पहिलीत अपेक्षा नावाची मुलगी आहे. तिचे आईवडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. यंदा शाळेसाठी म्हणून पहिल्यांदाच तिला आजीपाशी, धोंडुबाईंपाशी, मागे ठेवलं. तेव्हापासून ती बोलत नाही. वर्गाच्या दारात बसते, मावळतीकडे तोंड करून, आणि पायातल्या चपला काढत नाही. बाकीच्यांच्या चपला भिंतीशी रांगेत, हिच्या पायात. न जाणो, कोणी न्यायला आलं तर. धोंडुबाई म्हणतात, पोरगी अर्धी भाकरी खाते आणि उरलेली बांधून ठेवते.

तिच्या वडिलांचा, मल्हारचा, निरोप आलाय. शिवरात्रीपर्यंत पोरगी रुळली नाही तर येऊन घेऊन जाणार. त्याचं चुकतं असं म्हणवत नाही. पण तिची चुलतबहीण अशीच मधूनच गेली होती. पुढच्या वर्षी परत आली तेव्हा शाळेला लाजायला लागली, आणि मग आलीच नाही. हिला तशी जाऊ द्यायची नाही, एवढंच सध्या माझ्या डोक्यात आहे.

तुझा कागद तिनेही घेतला. रंगवला नाही. बाहेरून तांबडी माती आणून थुंकीत कालवली आणि पाठीवर बोट ओढलं. त्यांच्या घरची खूण ती. मग माझ्याकडे बघून दिवाळीनंतरचं पहिलं वाक्य बोलली, हिचं बारकं कुटं हाय? दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या टेबलावरचा खोडरबर घेते आणि त्या पोटाखालची मोकळी जागा पुसते. तिथं काहीच नाही, आत्या. तरी रोज पुसून स्वच्छ ठेवते, अंथरूण घातल्यासारखी. तो खोडरबर मला तिच्या हातातून काढून घेववत नाही.

काय सांगू तिला, ते कळव. तिळगूळ पोचला, गोड बोलायची जबाबदारी माझ्यावर एकटीवरच का?

तुझी चोर भाची,
समीक्षा


सातारा,
२८ जानेवारी २०२५

चि. समीक्षा हिस,
आशीर्वाद. राखून ठेवलेला तोही घे, व्याज नको.

तुझं पत्र घेऊन मी तशीच छापखान्यात गेले. भाऊसोंना म्हटलं, पोरं विचारतात पिल्लू कुठं आहे. भाऊसोंनी चष्मा वर केला आणि म्हणाले, पुस्तकातल्या प्राण्यांना एवढे प्रपंच नसतात. खुणांचं सांगितलं तर म्हणाले, छापलेल्यावर डाग दिसला की गिऱ्हाईक माल परत आणतं. या माणसाला समुद्रात सोडलं तर आधी तो लाटांना समास आखेल. पिल्लू उडवा म्हणणारा तो असला तरी हात माझाच होता.

परवापासून इथं धुकं आहे. सकाळी खिडकीतून अजिंक्यतारा दिसत नाही, नुसती त्याची पाठ दिसते, पांढऱ्यातून वर आलेली, काळीशार. काल दुपारी पोपट अर्धा ठेवून जरा आडवी झाले तर डोळ्यांपुढे तेच. पाठ हलली. शहराच्या वरून ती हळूहळू पलीकडे निघाली, आवाज नाही, काही नाही, खाली लोक चहा पीत बसलेले, कुणी मानही वर करेना. आणि मला झोपेतही एकच घोर, हिच्या पाठीवर खूण आहे का. कुणाची म्हणायची ही? उठले तेव्हा हातात पेन्सिल होती आणि उशीवर रेघ.

तुला उत्तर हवंय ते माझ्यापाशी नाही. तिला खोटं काही सांगू नकोस. मुलं ते वासावरून ओळखतात. पण मल्हार घाट उतरून गेलाय म्हणतेस, म्हणजे समुद्र त्याच्या हाताशी असणार. तिच्या कागदाचा फोटो त्याला पाठव. खूण त्याच्या घरची आहे, तर चौकशीही त्याच्याकडेच जाऊ दे. आणि पाठवायला रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढशील तर दुपारी चढ, ऊन खाऊन ये. दोन भाकऱ्या खा. बांधून ठेवू नकोस.

झोपेतून नीट न उठलेली,
राजूआत्या


मेंढकेवस्ती,
२२ फेब्रुवारी २०२५

ती. राजूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. फोटो पाठवला, खाली लिहिलं की अपेक्षा विचारते, बारकं कुठं आहे. उत्तर नाही. मी रोज मधल्या सुट्टीत टाकीवर चढायची आणि उतरायची. धोंडुबाईंनी पोरीचे दुसरे कपडे धुऊन घडी घालून ठेवले होते, म्हणजे काय ते मी समजले. शिवरात्र या बुधवारी.

परवा त्याचा आवाज आला, मोबाईलवर भरून पाठवलेला. मी वर्गात लावला. आधी बराच वेळ नुसता समुद्र. पोरांना वाटलं पाऊस लागलाय, दोघं बाहेर बघून आली. मग मल्हार बोलला. गुहागरच्या अंगाला कुणाच्या शेतात मेंढरं बसवली होती, तिथून मुद्दाम चालत किनाऱ्यावर गेला म्हणे. म्हणाला,

अपे, तुजी खूण बगितली. आपलीच हाय ती. लय लांब चरतीया, पर वळंल. बारकं काय तिच्यासंगं न्हाई दिसलं. साळंसाठी घरी ठिवलं आसंल.

आणि मग आत्या, त्याने हाळी दिली. मेंढरं वळवताना देतात ती, लांबलचक, शेवटी वर जाणारी. मेंढरांना नाही, समुद्राला. ती संपल्यावर पुन्हा नुसतं पाणी. वर्गातली सगळी पोरं श्वास धरून बसली होती, वळतंय का बघत.

अपेक्षाने ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग उठली, पायातल्या चपला काढल्या आणि भिंतीशी रांगेत नेऊन ठेवल्या, शेवटच्या जोडीला चिकटवून. मी फळ्याकडे तोंड केलं आणि उगाचच तारीख पुसून परत लिहिली.

न्यायला येत नाही, असा मल्हारचा धोंडुबाईंना वेगळा निरोप आहे. मृगाला भेटू म्हणाला. काल भाकरी पुरी खाल्ली, वर लसणाच्या चटणीसाठी आजीशी भांडली. भांडते म्हणजे राहते, असं धोंडुबाईंचं शास्त्र.

पण तुझी सुटका नाही. आज सकाळी ती टेबलापाशी आली, तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, आय तिकडं हाय, तर बारकं हितं पायजे. घरी ठिवलं म्हनल्यावर घरी दिसाया नगं व्हय? हे चित्र कोण काढतं विचारत होती. मी तुझं नाव आणि गाव सांगून टाकलं. मी चोर आहेच, आता चहाडखोरही.

माया पातळ होऊ देऊ नकोस,
समीक्षा


सातारा,
३ मार्च २०२५

चि. समीक्षा हिस,
तुला आणि तुझ्या रांगेतल्या सगळ्या चपलांना आशीर्वाद.

पुस्तक छापून झालं. देवमासा एकटाच आहे, नमुना निळा आहे, भाऊसो खूश आहेत. त्यांच्याशी भांडायला गेले नाही. त्यांचं त्यांच्यापाशी.

इथलं धुकं गेलं. किल्ला परत किल्ला झालाय, जागेवर बसून असतो. तरी सकाळी खिडकी उघडली की मी आधी त्याच्या पाठीकडे बघते.

पाकिटात पुठ्ठ्यांच्या मधे एक कागद आहे. त्यावर एकटं बारकंच आहे, पानभर. पुसायला काही नव्हतं म्हणून एकाच रेघेत काढलं. शेपटीपाशी रेघ थोडी वाकडी गेली, ती तशीच ठेवलीय. डोळा उघडा आहे. पाठ कोरी सोडली आहे.

अपेक्षाला दे. माझं नाव तू सांगून बसलीच आहेस, आता आणखी काही समजावू नकोस. तांबडी माती तिला ठाऊक आहे.

खोडरबर तिच्याकडेच राहू दे.

लोभ आहेच, लिहायचं राहून जातं,
राजूआत्या