वर म्हणजे बंद

मंगरूळपीर,
बुधवार, ता. ९ जानेवारी १९७४

प्रिय इंद्रभान,

सप्रेम जयभीम. देवमनच्या लीलावहिनींना नमस्कार सांग. इकडे थंडी आहे. सरकी काढून घ्यायला आलेल्या कापसाच्या गाड्या जिनाच्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या आहेत.

जिनाचे मालक हीरालालशेठ म्हणाले, सोमवारी, संक्रांतीपासून, तू तुझ्या भावाच्या, देवमनच्या जागी कामावर येणार. म्हणून लिहितो.

जुन्या मशीनची मूठ खाली ओढली की पट्टा थांबायचा. देवमनने ती वीस वर्षं ओढली. नवी मशीन मी बसवली. तिची मूठ उलटी होती : खाली केली की सुरू, वर केली की बंद. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मिस्त्री, हात आपसूक खालीच जाते. मूठ फिरवून देता का?"

"हात तुया हाय ना? मंग शिकव त्याले."

"वीस वर्साचा बैल हाय हा. आता नवी वाट धरीन काय?"

रोज सकाळी मी त्याच्याकडून म्हणवून घ्यायचो, वर म्हणजे बंद. तो शाळेतल्यासारखा म्हणायचा. बाया हसायच्या.

मूठ फिरवायचं काम अर्ध्या दिवसाचं होतं.

त्या दिवशी कापूस अडकून मशीन थांबली. मूठ खाली होती. त्याने ती खाली पाहिली आणि हात आत घातला. कापूस मोकळा होताच मशीन फिरली. पुढचं तुला माहीत आहे. अहवालात मी लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. त्याने मूठ फिरवून मागितली होती, हे लिहिलं नाही.

तो गेला; विहारातल्या त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर मी मूठ फिरवली. आता खाली म्हणजे बंद. तेव्हापासून सकाळी कोणी आत नसताना मशीन सुरू होते. जाऊन पाहावं तर मूठ वर गेलेली असते.

काल आठ वाजता मी तिच्याजवळ उभा राहिलो. मूठ हलली. पाठ आठवत म्हणावा तशी, अडखळत वर गेली. मशीन सुरू झाली. मूठ आणखी वर जाऊ पाहत होती. वर जागा नव्हती. लोखंड थरथरत होतं.

मी म्हणालो, "देवमन, खाली. आता खाली केलं हाय."

मूठ खाली आली.

खरा जबाब लिहून सोबत ठेवला आहे. वहिनींना वाचून दाखव आणि कामगार निरीक्षकांकडे नेऊन दे. माझं व्हायचं ते होईल.

सोमवारी येऊ नकोस. तो अजून शिकतो आहे.

त्या खोट्या सहीचा धनी,
पंजाबराव मिस्त्री