सत्यवानच्या पत्रकाचा ब्लॉक

१८ जानेवारी १९८६

ब्लॉक आला. अक्षरं खाल्ली! सगळी!

फोटो-मजकूर कोरलेला जस्ताचा ठसा, कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने दुपारी आला. गुरुदासकाकांनी — कुडाळच्या आमच्या छापखान्याचे मालक — लगेच ट्रेडल मशीनवर चढवून एक कागद काढला. सत्यवानचा फोटो बरा आलाय. नाक, कपाळ, डावी भुवई — तोच. पण फोटोतल्या काळ्या शर्टावर मी पांढऱ्या रंगाने लिहिलेलं त्याचं नाव नाचणी सांडल्यासारखं दिसतं. खालच्या ओळींचा तर चिखल. माझा भाऊ घर सोडून गेलाय, आणि त्याला परत बोलवायला मी वाचता न येणारा कागद काढलाय! शाबास सुनीती.

काका म्हणाले, "मी तुका सांगत होतंय, मजकुराक खिळे जुळवया. तुका आपल्या अक्षराची हौस."

हौस नव्हती. छापखान्याचे शिशाचे खिळे कुणाचेही असतात. त्याच्या शाळेच्या वह्यांवर नावं मी घालायचे. माझं अक्षर बघून तरी थांबेल, म्हणून हाताने लिहिलं.

१९ जानेवारी

सतरा दिवस झाले.

शेतकी डिप्लोम्यात नापास झाला, वर्षभर कॉलेजात गेलाच नाही, आणि घरी 'पास' म्हणून सांगत राहिला. गुणपत्रिका मला सापडली. मी ती बाबांना दिली. त्याला आधी विचारता आलं असतं. नाही विचारलं. मला राग आला होता — मी कोल्हापूरचा चित्रकलेचा कोर्स अर्धा सोडून आले, ते त्याच्या शिक्षणासाठीच ना?

बाबा निवृत्त हेडमास्तर. आमच्या वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळात सभामंडपात माणसं बसली होती, त्यांच्यासमोर ते त्याला म्हणाले, "माका एकच चेडू आसा. झिल नाय." मुलगी आहे, मुलगा नाही! सत्यवानने मान खाली घातली, चपला घातल्या, गेला.

आई माझ्याशी बोलत नाही. एकदाच बोलली. "तूच सांगलंस ना? आता तूच शोध."

२१ जानेवारी

तशीच दोनशे पत्रकं छापली. थांबायला धीर नव्हता. आमच्या वाडीतले कंडक्टर भिकाजीदादा घेऊन गेले, स्टँडास्टँडवर लावतील.

इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. पत्रकावर 'सत्यवान, बाबांचा राग गेला. घरी ये.' असं आहे. ते खोटं आहे. बाबांकडे मी दोन ओळी मागायला गेले होते. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "माका झिल नाय, तर बोलवू कोणाक?"

मग मीच लिहिलं. तो एकदा घरात आला की बाबा काय त्याला हाकलणार आहेत?

२५ जानेवारी

भिकाजीदादा दारात उभे राहूनच म्हणाले, "सुनीती, कणकवलीक लावलंय, तळेऱ्याक लावलंय. पण गो, फोटो दिसता, खालचा काय्येक दिसणा नाय. लोक विचारतत, ह्यो कोण? मेलो काय?"

आईने आतून ऐकलं. ताट पुढे सारून उठली.

म्हणजे तो पत्रकासमोर उभा राहिला असेल आणि त्याला काही कळलंच नसेल! त्याला वाटलं असेल, बाबांनी आपल्याला मेलेलाच जाहीर केला. माझ्या चुकीने. पुन्हा माझ्याच चुकीने.

२८ जानेवारी

कोल्हापूरला जाऊन आले. भांडायलाच गेले होते. ब्लॉकवाले परशुराम म्हणून आहेत, वयस्कर, बोटं ॲसिडने पिवळी. माझं ऐकून घेतलं आणि हातात भिंग दिलं. "बघा."

बघितलं. सगळं ठिपके! फोटो छापायचा तर जाळीतून काढावा लागतो — लहानमोठ्या ठिपक्यांतून गाल, सावली, केस होतात. हे मला माहीत होतं. पण मी अक्षरं फोटोवरच लिहिली, आर्टवर्क एकच, म्हणून अक्षरंही त्याच जाळीतून गेली. अक्षराची कड म्हणजे सलग रेघ पाहिजे, तिचेही ठिपके झाले. वर आपला कागद खरखरीत, म्हणून जाळी जाड.

"चेहऱ्याला जाळी लागते, बाई. अक्षराला जाळी लावली की अक्षर मेलं. दोन ब्लॉक करा. फोटोचा वेगळा, अक्षरांचा लाइन ब्लॉक, बिनजाळीचा, वेगळा. छापताना शेजारी बसवा. आणि अक्षरं दुप्पट मोठी काढून आणा, आम्ही निम्मी करतो. हात जिथं थरथरला असेल ते लहान होताना निघून जातं."

भांडण राहिलंच. त्यांनी चहा पाजला. फोटो कुणाचा, विचारलं. मी म्हटलं, गिऱ्हाइकाचा.

३१ जानेवारी

तीन दिवस एकच ओळ काढतेय. पांढरं कार्ड, काळी ड्रॉइंग इंक, दुप्पट आकार.

मोठं काढलेलं सुंदर दिसतं, पण निम्मं झाल्यावर बारीक रेघ नाहीशी होते आणि अक्षराच्या पोटातली जागा बुजते. बाबांचा 'ब' दोनदा! पोटातली तिरपी रेघ उडाली तर 'वावांचा राग' होईल. म्हणून पोट मुद्दाम मोठं ठेवायचं, बारीक रेघ मुद्दाम जाड. जवळून बेढब दिसतं. भिंतीला टेकवून पलीकडच्या कोपऱ्यातून बघायचं, मग कळतं.

दुपारी काका मागे येऊन उभे राहिले. "वाक्य बदलूचा नाय मा?"

"नाही."

"बाबांनी सांगल्यानी काय ह्या?"

मी पेन बुडवलं. ते गेले.

आज एकदा वाटलं, ओळ बदलावी. 'सुनीती वाट बघते' असं लिहावं, ते तरी खरं आहे. पण माझ्यासाठी तो कशाला येईल? गुणपत्रिका मीच दिली.

८ फेब्रुवारी

दोन्ही ब्लॉक आले. छापलं. अरे देवा — काय अक्षर उठलंय! कड सुरीने कापल्यासारखी. पाच हातांवरून वाचलं. काकांनी चष्मा काढून वाचलं. मी छापखान्यातच रडले, काकांनी मशीन चालू ठेवलं म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

घरी पत्रक बाबांसमोर ठेवलं. मुद्दामच. त्यांनी हातात घेतलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. स्वतःचं नाव घालून लिहिलेलं खोटं वाचलं! मी उभीच. आता ओरडतील, फाडतील, काहीतरी करतील.

घडी घालून परत दिलं. "अक्षर बरा इला."

एवढंच. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेला माणूस!

१६ फेब्रुवारी

आंगणेवाडीची जत्रा. सगळा जिल्हा मसुऱ्याच्या वाटेला लागलेला. भराडीदेवीच्या रांगेत हजार पत्रकं वाटली. माणसं चालता चालता वाचत होती! काजूवाल्या बाईने नाव मोठ्याने वाचलं, माझ्या अंगावर काटा आला.

आईही आली होती. तिने तिथे पहिल्यांदा नीट वाचलं, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून. मग माझ्याकडे बघितलं. "राग गेलो? खराच म्हणाले ते?"

मी मान हलवली. होय म्हणून.

आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दीड महिन्याने. देवीसमोर ओटी भरताना माझं नाव घेऊन काहीतरी पुटपुटली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

१८ फेब्रुवारी

आई बाबांना चहाबरोबर लाडू देते. ते का, हे त्यांना कळत नाही, आणि ते विचारत नाहीत. मला सगळं कळतं, आणि मी सांगत नाही. चांगलं घर आहे आमचं.

२५ फेब्रुवारी

काही नाही.

१ मार्च

पोस्टकार्ड. छापखान्याच्या पत्त्यावर. सत्यवानचं!

'ताई, तुझं पहिलं पत्रकच मी वाचलं होतं. तळेऱ्याला ज्या हॉटेलात कपबश्या धुत होतो, त्याच्याच भिंतीवर होतं. पुसट होतं, पण अक्षर तुझं, सगळं लागलं. राग गेला हे बाबांचं बोलणं नव्हे, तेही लागलं. दुसरं आलं, त्यातही बाबांचं काही नव्हतं, तेव्हा तिथून निघालो. शोधू नको. बाबांनी दोन ओळी लिवल्यानी असत्यो, तर मी त्याच दिवशी इलो असतंय.'

आईच्या देखत कार्ड बाबांच्या हातात दिलं. पत्रकावरची ओळ माझी, हेही तिला सांगितलं. आईने बाबांपुढची लाडवाची बशी उचलली. बाबा अजून वाचतायत.